साइडला पॅच नाय!

किस्से जमवण्यासाठी आम्ही काही खास करत नाही हो. टायरचं दुकान टाकलं की ते आपोआप जमतात. बँकेत माणूस टोकनकडे बघत बसतो, दवाखान्यात मोबाइलकडे. आमच्याकडे मात्र गाडी जॅकवर, चाक जमिनीवर आणि मालक प्लास्टिकच्या खुर्चीत! पळून जाणार कुठे? मग बोलत बसतो. टायरबद्दल बोलता बोलता घरचं कधी सुरू झालं, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

दुकान विरार फाट्याजवळ, हायवेला लागून. दोघांचं आहे, माझं आणि जनानानांचं. मी बोळिंजला फ्लॅटमध्ये राहतो. पूर्वी एका टायर कंपनीच्या ऑफिसात बसून क्लेमचे फॉर्म तपासायचो. टायर कशाने खराब झाला, हे मी फोटो बघून ठरवायचो, एसीत बसून! नाना मिठागराकडच्या गावातले. चाळीस वर्षं टायरमध्ये हात घालून बसलेले. माझं शिक्षण पुस्तकातलं, त्यांचं बोटांतलं.

येणारे ड्रायव्हर मला 'साहेब' म्हणतात आणि त्यांना 'नाना'. ह्या दोन हाकांमधला फरक मला पहिल्याच आठवड्यात कळला. साहेबाला चहा विचारतात, नानांना टायर दाखवतात.

*

नानांचा एकच कायदा. टायरचा जमिनीला टेकणारा भाग पंक्चर झाला तर जोडता येतो. पण बाजूची जी उभी भिंत असते, साइडवॉल, ती फाटली किंवा फुगली की विषय संपला. गाडी चालताना ती भिंत सारखी वाकते आणि सरळ होते. तिथे काहीही चिकटवलं तरी टिकत नाही. हे सगळं मी गिऱ्हाइकाला दहा मिनिटं समजावतो. नाना तीन शब्दांत सांगतात, "साइडला पॅच नाय!"

एकदा बोळिंजच्या नव्या कॉम्प्लेक्समधला एक तरुण नवीकोरी एसयूव्ही घेऊन आला. खड्ड्यात जोरात आदळली होती आणि पुढच्या टायरच्या साइडला लिंबाएवढा फुगा आला होता.

"नाना, ये थोडा दाबके अंदर नहीं जाएगा क्या? म्हणजे बघा ना, टायर तर एकदम न्यू आहे. अजून त्याचे केस पण नाही गेले!"

नव्या टायरला ते बारीक रबरी केस असतात ना, ते तो कौतुकाने दाखवत होता.

नानांनी फुग्यावरून अंगठा फिरवला. "आतले दोरे तुटलेत. हवा नुसत्या रबरावर थांबलीय. आज फुटंल, नायतर उद्या."

"पण बाहेरून तर एकदम फिट दिसतोय!"

"हार्ट अटॅकवाला पन सकाळी जिममदीच असतो," नाना म्हणाले.

पोराने निमूट टायर बदलला. जाताना बघतो तर स्वतःच्या छातीवरून हात फिरवत होता!

*

आता मास्तरांचा ट्रक. आमच्या दुकानातले निम्मे किस्से ह्या एका ट्रकने दिलेत, त्यामुळे त्याची नीट ओळख करून द्यायला हवी.

बस्त्याव मास्तर जवळच्या नंदाखाल गावचे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर काठी ठेवून मुलांना सगळा हिमालय फिरवला, स्वतः मात्र नाशिकच्या पुढे गेले नाहीत. कारण घरची वाडी. केळी, नारळ, थोडी फुलं. ती वाडी सांभाळायच्या आग्नेसबाय, त्यांच्या पत्नी. झाडांना रोज पाणी लागतं, माल रोज बाजारात जावा लागतो, त्यामुळे आग्नेसबाय लग्नानंतर वाडी सोडून दोन रात्री सलग कुठे राहिल्या नव्हत्या. मास्तर दर सुट्टीत म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुला बर्फ दाखवतो." असं करता करता मास्तर रिटायर झाले!

मग एक दिवस त्यांनी लिलावातला जुना फौजी ट्रक आणला. चार चाकं, चारही चाकांना ताकद, आणि टायर माझ्या छातीपर्यंत येणारे. मागे त्यांनी खोली बांधून घेतली. दोन बिछाने, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, भिंतीवर क्रूस आणि खिडकीला आग्नेसबायनी शिवलेले फुलाफुलांचे पडदे. बेत असा, की ईस्टर झाला की दोघांनी थेट मनालीच्या वर जायचं. बर्फ दिसेपर्यंत!

"मी बर्फ फक्त मासळीच्या पेटीत बघितलाय हो साहेब," आग्नेसबाय मला म्हणाल्या. "एकदा जमिनीवर पडलेला बघायचाय."

नाना तोवर ट्रकभोवती एक फेरी मारून आले होते. टायरची नक्षी शाबूत होती, पण चारही टायरच्या साइडला बारीक भेगा. उन्हात सुकलेल्या तळ्यासारख्या. मी मास्तरांना टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का दाखवला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

मास्तरांनी चष्मा वर केला आणि वाचलं. "अरे वा! हा तर आमच्या धाकटीच्या लग्नाच्या वर्षीचा!"

"लगीन टिकलं ना?" नानांनी विचारलं.

"म्हणजे काय! नातू शाळेत जातोय."

"मंग बास झालं. टायर काढा!"

त्या मापाचे टायर इथे मिळेनात. बाहेरून यायला दोन महिने लागले. ईस्टर गेला, मे गेला आणि पुढे पावसाळा. जाणं दिवाळीनंतरवर गेलं.

*

नवे टायर चढले. पाचवा स्टेपनी म्हणून मागे टांगला. पावसाळाभर ट्रक वाडीत उभा. मास्तर टायरची काळजी घ्यायचे म्हणजे किती! झाडाच्या सावलीत उभा करायचे, आठवड्याला फडक्याने पुसायचे.

दिवाळीच्या तोंडावर मास्तरांचा घाबराघुबरा फोन आला. "साहेब, साइडवॉल खराब झाली!"

ट्रक दुकानात आला. बघतो तर मागच्या डाव्या टायरच्या साइडला बारीक बारीक ओरखडे, दोन-दोनच्या जोडीत. रबराचे कपचे उडालेले. मी ऑफिसातला अनुभव बाहेर काढला. खडीने उडालेले टवके, हवेतल्या ओझोनचा परिणाम, रबरात कंपनीचा दोष, अशा तीन शक्यता मी मास्तरांना व्यवस्थित समजावून सांगितल्या. मास्तरांनी वहीत लिहून घेतल्या.

नाना खाली बसले. त्यांनी साइडवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग मास्तरांकडे वळले.

"मास्तर, टायरला काय लावता?"

मास्तर लाजले. "काही नाही हो. चमक राहावी म्हणून थोडं... घरचंच. घाण्याचं खोबरेल."

"घूस हाय!" नाना उठले. "वाडीतली घूस. खोबऱ्याच्या वासावर आलीय. रोज जेवन वाढलंत तिला तुमी!"

पोटातले दोरे शाबूत होते, वरवरचं रबर गेलं होतं, त्यामुळे टायर पास झाला. मास्तरांनी वहीतल्या माझ्या तीन शक्यतांवर एकच आडवी रेघ मारली आणि खाली अक्षर वळवून लिहिलं, 'घूस'.

पण ट्रक काही निघाला नाही. मास्तर म्हणाले, सुरुवातच अशी झाली, जरा थांबू. आग्नेसबाय म्हणाल्या, "घुशीला विचारून निघायचं का आता?"

*

त्यानंतर मास्तरांना साइडवॉलचं वेडच लागलं. रोज सकाळी बॅटरी घेऊन ट्रकखाली. आठ दिवसांत परत हजर!

"साहेब, हे बघा. साइडला खड्डा आहे. वरपासून खालपर्यंत."

खरंच होता. हलकी खोलगट रेघ, बोटाला लागणारी. आधीच्या वेळी घुशीने माझी अब्रू घेतली होती, तेव्हा ह्या वेळी मी कडक झालो. "मास्तर, साइड कमजोर पडली आहे. जोखीम घेऊ नका. टायर काढायचा."

मास्तरांचा चेहरा एवढा उजळला, की मला जरा नवलच वाटलं. टायर बाद झाल्यावर माणसाने खूश कशाला व्हावं?

तेवढ्यात नाना आले. तळवा ठेवला. "हा जोड हाय. आतला पडदा जिथं एकावर एक येतो तिथं असं दबतं. कायबी होत नाय."

"पण नाना, खड्डा..."

"साहेब, फुगला तर घाबरायचं. दबलेला चालतो, फुगलेला फुटतो." आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मानसाचं पन तसंच हाय!"

मी चहा सांगायला निघून गेलो.

*

एकदा पाण्याचा टँकरवाला आला होता तेव्हा मास्तर आणि आग्नेसबाय दुकानातच होते, ट्रकचे नट तपासून घ्यायला. टँकरला मागे जोडीचे टायर असतात, एकाला लागून एक. ड्रायव्हर कावलेला.

"नाना, दोनों नए डाले थे! दोनों साइड से घिस गए, वो भी अंदर से!"

नानांनी दोन टायरच्या मधल्या फटीत हात घालायचा प्रयत्न केला. हात जाईना. "हवा कमी, पानी जास्त. भरला की दोगांची पोटं फुगतात, आनि एकमेकांवर घासतात." मग त्यालाही कळावं म्हणून बोट उभं धरून दाखवलं. "जोडीमदी येवडी जागा पायजे. लय चिकटली की दोगं झिजतात!"

"ऐकलं का मास्तर?" मी उगीच चेष्टेने म्हणालो. त्या ट्रकमधली खोली जेमतेम दहा फुटांची.

आग्नेसबाय खदखदून हसल्या. "आमच्या जोडीत चाळीस वर्षं अख्खी वाडी होती ओ! हे शाळेत, मी केळीत. जेवायला भेटायचो!"

सगळं दुकान हसलं. टँकरवालाही काही न कळता हसला. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते उठून ट्रकच्या खोलीत गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. मी वर डोकावलो, तर दोन बिछान्यांच्या मधलं अंतर वितीने मोजत होते.

*

आता जे सांगणार आहे त्यात माझा मूर्खपणा आहे, पण लपवण्यात अर्थ नाही. नाना तो किस्सा सगळ्यांना सांगतातच.

नाताळ आला. आग्नेसबायनी निक्षून सांगितलं, की नाताळ झाला की पहिल्या रविवारी निघायचं, वाडी भाचेसुनेकडे सोपवली आहे, आता माघार नाही. मास्तर म्हणाले, त्याआधी एक ट्रायल हवी. ट्रक घेऊन अर्नाळ्याकडे वाळूच्या वाटेने गेले. वाळूत चाक रुतू नये म्हणून हवा कमी करायची असते, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. केली. डांबरी रस्त्यावर आल्यावर परत भरायची असते, तेही पाहिलं होतं. ते मात्र विसरले! तशाच दबक्या टायरवर फाट्यापर्यंत आले.

"एकात हवा फारच कमी वाटते," मास्तर म्हणाले. "जरा भरून द्या."

नाना मागे जेवायला बसले होते. खरं तर असा टायर आधी खोलून आतून बघायचा असतो. मी बाहेरून बघितला. सुंदर होता. आपले लोखंडी पिंजरे असतात, मोठा टायर फुटला तर तुकडे उडू नयेत म्हणून त्यात ठेवून हवा भरतात. चाक काढून त्यात ठेवलं, एवढीच काय ती अक्कल! पाइप लावला आणि काटा बघायला पुढे वाकलो.

टायरमधून आवाज आला. चट्. मग थोडं थांबून, चट्... चट्. गरम कढईत मोहरी टाकल्यासारखा.

मी आणखी वाकून ऐकायला लागलो!

"साहेब, बाजूला!" मागून जी आरोळी आली ती मी जन्मात विसरणार नाही. नाना भरल्या हाताने धावत आले. टायरकडे आलेच नाहीत, सरळ कम्प्रेसरकडे गेले, पाइप तिथूनच उपटला आणि माझी कॉलर धरून मला भिंतीआड ओढलं. माझ्या शर्टाला बोंबलाचं कालवण लागलं. हवा सूं सूं करत निघून जाईपर्यंत आम्ही तिघं, मास्तरसुद्धा, भिंतीमागे उकिडवे बसलो होतो.

नंतर टायर खोलला. आतून मूठमूठ काळी पूड सांडली. हवा नसताना चालवल्याने साइड आतल्या आत भाजून निघाली होती. पोलादी दोरे एकेक करून तुटत होते, तोच तो आवाज. आणखी दहाएक चट् झाले असते, तर अख्खी साइड चेन उघडावी तशी उघडली असती आणि पिंजऱ्यासकट मी गेलो असतो.

नानांनी मला शिवी दिली नाही. नुसते म्हणाले, "टायर बोलतो तवा ऐकायचं नसतं, पळायचं असतं."

आग्नेसबाय ह्या सगळ्या वेळात ट्रकच्या खोलीत होत्या. पडदा सरकवून त्यांनी खाली पाहिलं. मास्तर घामाने भिजलेले. "आग्नेस, आज मरता मरता वाचलो!"

"मग आता तरी निघायचं ना?" आग्नेसबाय म्हणाल्या. "नायतर असेच मरायचे, बर्फ न बघता!"

तो टायर गेला. स्टेपनी चढली आणि नवी स्टेपनी मागवली. सुदैवाने एक लगेच मिळाली.

*

आणि मग तो रविवार उजाडला.

चर्चमधला सकाळचा मिसा झाल्यावर फादर येऊन ट्रकला आशीर्वाद देणार, आणि मग प्रस्थान. सगळी आळी जमणार होती. मी आणि नाना निरोपाला म्हणून निघायच्याच तयारीत होतो, तोच आग्नेसबायचा फोन. आवाज शांत होता. "नाना, हत्यारं घेऊनच या. पुढच्या टायरची साइड कापली गेलीय."

टेम्पोत जॅक, पाने टाकले आणि नंदाखाल गाठलं. ट्रकच्या नाकावर झेंडूची माळ. अंगणात तीस-चाळीस माणसं, नव्या कपड्यांत, आणि सगळी त्या चाकाकडे बघत उभी. भाचेसून आग्नेसबायच्या हातातली पिशवी परत घरात न्यावी की नाही अशी घोटाळत होती. फादरही येऊन थांबले होते.

"नाना, आशीर्वाद आधी देऊ की नंतर?" फादरनी विचारलं.

"तुमी वरचं बघा फादर. खालचं मी बघतो."

फादर हसून बाजूला झाले. मास्तर मात्र एका कोपऱ्यात, हात मागे बांधून. शाळेत मुलांना उभं करायचे तसे स्वतः उभे.

नाना चाकापाशी बसले. मीही बसलो. साइडला वीतभर लांब, तिरपी चीर. खोल, आतले दोरे दिसत होते. दगडाने कापलेली साइड मी फोटोत हजारो वेळा पाहिली आहे. तिच्या कडा फाटलेल्या, ओबडधोबड असतात. ह्या चिरेच्या कडा सुरीने कापलेल्या वडीसारख्या साफ होत्या. नानांनी चिरेत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला चिकट लागलं होतं. केळीचा चीक, अजून ओला.

आयुष्यात पहिल्यांदा मला नानांच्या आधी निदान झालं! केळीचा घड उतरवायचा कोयता. वाडीतलाच. आणि आज पहाटेचा. मी उत्साहाने वर बघितलं, तोंड उघडलं, "नाना, हे तर..."

नानांनी माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"काय झालं असेल नाना?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

दुकान टाकल्यापासून ह्या माणसाने साइडवॉलबद्दल खोटं सांगितलेलं मी ऐकलं नाही. मालकाला खूश करायला नाही, कंपनीला वाचवायला नाही, मला सांभाळून घ्यायला तर नाहीच नाही.

नाना उठले, बोट पँटला पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खडी लागली. रस्त्याची खडी."

"आता?"

"आता काय? साइडला पॅच नाय. स्टेपनी चढवायची नि निघायचं. अर्धा तास."

लोक पांगले, चहाकडे वळले. मास्तर पुढे आले आणि न सांगता पाना हातात घेतला. नाना नट सोडवत होते, मास्तर धरत होते. मी जॅकपाशी होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

"मास्तर," नाना खालच्या आवाजात म्हणाले, "हवा भरलेल्या टायरवर असं करायचं नसतं. फुटला असता तर हात गेला असता तुमचा."

मास्तर नटाकडेच बघत म्हणाले, "नाना, चाळीस वर्षं तिला एकच गोष्ट सांगत आलोय. बर्फ, बर्फ. आता नेलं आणि तिला आवडलंच नाही तर? एवढ्याशा खोलीत महिनाभर मी, आणि बाहेर नुसता पांढरा रंग. मग तिला सांगायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मी मान खाली घातली. मी टायर बाद म्हटल्यावर मास्तर का खूश झाले होते, ते मला तेव्हा कळलं.

नानांनी शेवटचा नट आवळला. "नाय आवडलं तर परत या. रस्ता दोनीकडून चालू हाय." आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, तेलकट हाताने, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

फादरनी प्रार्थना केली. ट्रकवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि मग जरा वाकून चारही टायरवर वेगळं शिंपडलं. मास्तर स्टिअरिंगवर बसले. आग्नेसबायनी भाचेसुनेला पाण्याच्या मोटरचं पाचव्यांदा समजावलं, सगळ्यांच्या गळ्यात पडल्या आणि साडीचा पदर खोचून अशा काही चढल्या, की जणू रोज ट्रकच चढत होत्या.

इंजिन सुरू झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी खिडकीपाशी गेलो. "आग्नेसबाय, सगळं घेतलं ना? काही राहिलं तर नाही?"

"नाय ओ साहेब, सगळं घेतलं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर समोर रस्त्याकडे बघत होते. "कोयता पण घेतलाय. माझ्या सीटखाली ठेवलाय. मास्तरांच्या हाती लागायला नको!"